‘यावरून ते निघतं का?’ ओळखणारं मराठी मॉडेल फसतंय? तपासायला इथून सुरुवात करा

हा एकच बिघाड मी इतक्यांदा उघडून बसले आहे की समोरच्याचं पहिलं वाक्य ऐकलं की पुढचं मलाच सांगता येतं. “टेस्टवर ऐंशीच्या वर जातंय हो, पण आमची स्वतःची वाक्यं दिली की काहीही बोलतं.” मॉडेलचं काम असं: दोन वाक्यांची जोडी दिली की पहिल्यावरून दुसरं ‘निघतं’, पहिल्याचा दुसऱ्याला ‘विरोध’ आहे की ‘सांगता येत नाही’, हे ओळखायचं. बिघाड एक असला तरी तो वेगवेगळी तोंडं घेऊन येतो, म्हणून आधी लक्षणं.

लक्षणं

– टेस्ट सेटवर आकडा झकास, पण हाताने लिहिलेल्या दहा जोड्यांत सहा चुका.
– किंवा अगदी उलट: आकडा ३०-३३ च्या आसपास चिकटून बसलाय, कितीही ट्रेनिंग दिलं तरी हलत नाही.
– दुसऱ्या वाक्यात ‘नाही’ दिसलं की डोळे मिटून ‘विरोध’.
– दोन्ही वाक्यांत तेच शब्द असले की ‘निघतं’. ‘वाघाने शिकाऱ्याला मारलं’ यावरून ‘शिकाऱ्याने वाघाला मारलं’ हे निघतं, असं ठामपणे सांगतं.
– एका ओळीच्या वाक्यावर ठीक, परिच्छेद दिला की नेमकं उलटं उत्तर.
– तेच वाक्य एकाने टाइप केलं तर एक उत्तर, दुसऱ्याने केलं तर दुसरं.
– ‘शेतकऱ्याचे’ आणि ‘शेतकऱ्यांचे’ यात त्याला काही फरकच दिसत नाही.

यातली तीन-चार एकदम दिसली तरी लगेच मॉडेल बदलायला धावू नका. नवं मॉडेल उतरवून घेणं, जीपीयू (मॉडेल शिकवायला लागणारी ताकदवान चिप) भाड्याने घेणं हा सगळ्यात महागडा उपाय आहे आणि लोक हमखास तोच पहिला करतात.

नावं ठरवून घेऊ

पहिल्या मजकुराला मी ‘आधार’ म्हणते (कार्डाचा इथे संबंध नाही), दुसऱ्याला ‘दावा’. आधार खरा धरला तर दाव्याचं काय होतं, एवढंच मॉडेलने सांगायचं: ‘निघतं’, ‘विरोध’ किंवा ‘सांगता येत नाही’ (हीच तीन लेबलं). कोडमध्ये तुम्हाला प्रिमाइस, हायपोथेसिस, एन्टेलमेंट, काँट्राडिक्शन, न्यूट्रल अशी नावं दिसतील. या कामाची पहिली मोठी स्पर्धा २००५ मध्ये पास्कल या युरोपीय संशोधन-जाळ्याखाली झाली. इदो दागान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेव्हा व्याख्या मुद्दामच सैल ठेवली होती: आधार वाचून साधारण माणूस दावा ‘बहुधा खरा’ म्हणेल, तर तो निघतो. भूमितीतली सिद्धता त्यांना नको होती, वर्तमानपत्र वाचताना लागते तेवढी समज हवी होती.

आपल्याकडे मीमांसकांनी हे फार आधी हाताळलंय. देवदत्त लठ्ठ आहे, दिवसा जेवत नाही, म्हणजे तो रात्री जेवत असणार. त्यांनी याला अर्थापत्ती म्हटलं. मला हे उदाहरण आवडतं, कारण देवदत्त दिवसा चोरून खात असेल ही शंका मनात राहतेच, आणि लेबलं लावणारी माणसं नेमकी अशाच जागी भांडतात. त्या भांडणाकडे शेवटी येते. आधी स्वस्तातलं.

१. लेबलांचा क्रम (पाच मिनिटं, खर्च शून्य)

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या चार मुली, दोन दिवसांवर व्हायव्हा. अ‍ॅक्युरसी ३०. तीन रात्री त्यांनी लर्निंग रेट (मॉडेलच्या शिकण्याचा वेग) वरखाली करण्यात घालवल्या होत्या. त्यांना सांगितलं, प्रत्येक लेबलच्या तीस-तीस जोड्या घ्या आणि वहीत तीन ओळी, तीन रकाने आखा. खरं लेबल डावीकडे, मॉडेलचं उत्तर वर. ‘सांगता येत नाही’ या ओळीतल्या तीसपैकी पंचवीस बरोबर. ‘निघतं’ या ओळीतल्या बहुतेक सगळ्या मात्र ‘विरोध’ या रकान्यात जाऊन बसलेल्या, आणि ‘विरोध’च्या ‘निघतं’मध्ये. मॉडेल छान शिकलं होतं. फक्त कोडमध्ये लेबलांच्या जागी ०, १, २ हे आकडे असतात, त्यांतल्या ० आणि २ यांची अदलाबदल झाली होती.

याचं कारण साधं आहे. ग्लू नावाच्या चाचणी-संचात एमएनएलआय या इंग्रजी डेटासेटचा क्रम ० निघतं, १ सांगता येत नाही, २ विरोध असा आहे. रोबर्टा-लार्ज-एमएनएलआय हे तयार मॉडेल मात्र ० ला विरोध आणि २ ला निघतं म्हणतं. डेटासेट एकीकडचा आणि मॉडेल दुसरीकडचं असलं की दोन्ही टोकं उलटतात. मधला १ दोन्हीकडे एकच, म्हणून एक तृतीयांश उत्तरं आपोआप बरोबर येतात. तीन पर्यायांत आंधळेपणाने उत्तर देणाऱ्याचा आकडाही ३३ च. दोन्ही आकडे शेजारी-शेजारी, त्यामुळे ‘शिकलंच नाही’ असं वाटतं. नुसती अ‍ॅक्युरसी हा फरक कधीच दाखवणार नाही, तो तक्त्यातच दिसतो. मॉडेलच्या कॉन्फिग फाइलमध्ये क्रम लिहिलेला असतो, तो उघडून वाचा. तिथे नुसतं ‘लेबल_०, लेबल_१’ असं असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका, तीन उघड सोपी वाक्यं देऊन स्वतः ठरवा.

आणखी एक बारीक गोष्ट: एसएनएलआय या डेटासेटमध्ये ज्या जोड्यांवर माणसांचं बहुमत झालं नाही त्यांना उणे १ लेबल दिलेलं आहे. त्या आधी गाळा. नाहीतर कधी ट्रेनिंग मध्येच आपटतं, कधी आपटत नाही आणि गुपचूप चुकत राहतं. दुसरा प्रकार जास्त वाईट.

२. आधार आणि दावा उलटे तर जात नाहीत?

हेही पाच मिनिटांचं काम. ‘अनसूयाबाईंना दीड लाख मिळाले’ यावरून ‘अनसूयाबाईंना लाखाच्या वर रक्कम मिळाली’ हे निघतं. उलट्या दिशेने निघत नाही, लाखाच्या वर म्हणजे नऊ लाखही असू शकतात. विरोध मात्र दोन्ही दिशांनी विरोधच राहतो. त्यामुळे ‘विरोध’ ठणठणीत आणि ‘निघतं’ व ‘सांगता येत नाही’ एकमेकांत कालवलेले दिसले, तर रकाने उलटे वाचले जात आहेत अशी शंका घ्या. सीएसव्हीमध्ये कोणीतरी रकान्यांची नावं मराठीत बदलल्यावर हे विशेष घडतं.

३. अक्षरं जशीच्या तशी पोचतात का?

इथे मी जरा जास्त वेळ थांबणार आहे. मराठीत सगळ्यात जास्त वेळा दुखणं इथेच सापडलंय आणि सगळ्यात कमी लोक इथे बघतात.

‘शेतकऱ्यांचे कर्ज माफ झाले नाही’ हे वाक्य घ्या. ते बहुभाषिक बर्ट या गूगलच्या मॉडेलच्या ‘अनकेस्ड’ आवृत्तीच्या टोकनायझरमधून (मजकुराचे तुकडे करणाऱ्या भागातून) घाला आणि तुकडे पुन्हा जोडून छापा. बाहेर येतं: ‘शतकरयाच करज माफ झाल नाही’. टायपो नाही, अगदी असंच. ही आवृत्ती युरोपीय भाषांमधल्या अक्षरांवरचे कान-टोप (é वरच्यासारख्या खुणा) काढून टाकते, आणि त्याच नियमात आपला उकार, एकार, अनुस्वार, हलन्त, नुक्ता सगळे उडतात. युनिकोडमध्ये यांचा वर्ग ‘जागा न व्यापणारी खूण’ असा आहे. काना, वेलांट्या आणि ओकार वेगळ्या वर्गातले, म्हणून ते वाचतात. ऱ मधला नुक्ता गेला की उरतो साधा र.

आता ‘शेतकऱ्याचे’, ‘शेतकऱ्यांचे’ आणि ‘शेतकऱ्याचं’ हे तिन्ही शब्द एकाच ‘शतकरयाच’मध्ये कोसळतात. अनेकवचन ज्या अनुस्वारात होतं तोच गेला, मग मॉडेलने फरक ओळखायचा कशावरून? ‘मूल’ आणि ‘मेल’ही एकच होतात. हे कोणतंही ट्रेनिंग भरून काढू शकत नाही, माहिती दारातच सांडलेली असते. उपाय: ‘केस्ड’ आवृत्ती वापरा. इंग्रजीत केस्ड-अनकेस्ड म्हणजे मोठी-छोटी लिपी, आपल्याला काय त्याचं, असं समजून लोक हा पर्याय बेफिकिरीने निवडतात. इतर टोकनायझरमध्येही ‘अ‍ॅक्सेंट ठेवा’ अशा अर्थाचा पर्याय असेल तर तो चालू आहे ना बघा.

दुसरं दुखणं याहून लबाड आहे. ‘शेतकऱ्या’ मधला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो. एकात ऱ हे अक्षर आणि हलन्त, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यामागे शून्य रुंदीचा जोडक. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘कोऱ्या’, ‘सुट्टीवर जाणाऱ्यांना’ हे असे शब्द मराठीत पावलोपावली आहेत. ट्रेनिंगमधला मजकूर एका पद्धतीचा आणि वापरणाऱ्याचा कीबोर्ड दुसऱ्या पद्धतीचा असला की मॉडेलला तो अनोळखी शब्द वाटतो. ‘एकाने टाइप केलं तर एक, दुसऱ्याने तर दुसरं’ या लक्षणाचं मूळ बहुधा हेच. एक पद्धत ठरवा आणि ट्रेनिंग, टेस्ट व प्रत्यक्ष वापर या तिन्ही ठिकाणी सगळा मजकूर त्याच पद्धतीत आणा. हाताशी असताना आकडेही एकसारखे करून टाका, ‘१५०’ एकीकडे देवनागरीत आणि दुसरीकडे इंग्रजी अंकांत नको.

४. वाक्याचं शेपूट कापलं जातंय का?

मराठीत नकार शेवटी येतो. सरकारी मराठीत तर फारच शेवटी येतो: ‘ज्या लाभार्थ्यांच्या बँक खात्याची पडताळणी विहित मुदतीत पूर्ण झालेली नसेल अशा लाभार्थ्यांना पहिल्या हप्त्याची रक्कम अदा करण्यात येणार नाही.’ आता टोकनायझर एकेका लांब मराठी शब्दाचे तीन-चार तुकडे सहज करतो. कमाल लांबी १२८ तुकडे ठेवली असेल आणि आधार म्हणून परिपत्रकाचा अख्खा परिच्छेद दिला असेल, तर कात्री कधी बरोबर ‘अदा करण्यात येणार’ इथे पडते. उरलेल्या वाक्यावरून ‘रक्कम मिळेल’ हे निघतं, असं मॉडेल म्हणतं. त्याच्या बाजूने ते बरोबरच आहे, ‘नाही’ त्याने पाहिलंच नाही.

तपासायचं कसं: मॉडेलला जे प्रत्यक्ष पोचलं ते तुकडे जोडून छापा आणि शेवटचे दहा शब्द वाचा. माझ्या अनुभवात एवढं करून ‘अरे’ न म्हणणारा माणूस विरळा.

लांबी २५६ किंवा ५१२ करा (बर्टच्या घराण्यात ५१२ ही भिंतच आहे). त्याहून लांब मजकूर असेल तर आधाराची वाक्यं सुटी करून प्रत्येक वाक्य दाव्यासमोर स्वतंत्र ठेवा. फक्त एक सांभाळा: सुटं केल्यावर ‘त्यांना’ म्हणजे कोणाला हे हरवतं. मागचं एक वाक्य सोबत दिलं की बरंच सावरतं.

५. आधार झाकून बघा

एक दुपार जाईल, पण ही माझी सगळ्यात आवडती तपासणी. आधाराच्या जागी रिकामी जागा ठेवा, फक्त दावा द्या, आणि मॉडेलला तसंच ट्रेन करून बघा. आधारच नाही म्हटल्यावर आकडा ३३ च्या जवळ यायला हवा. तो पन्नास-साठ आला, तर मॉडेल आधार न वाचताच पास होतंय. पेपर न वाचता गाइडच्या जोरावर उत्तीर्ण होणारे विद्यार्थी सगळ्यांनी पाहिलेत.

२०१८ मध्ये गुरुरंगन आणि सहकाऱ्यांनी हे इंग्रजीत करून दाखवलं. फक्त दावा वाचून एसएनएलआयवर सुमारे ६७ टक्के, एमएनएलआयवर सुमारे ५३ टक्के. कारण डेटा ज्या पद्धतीने बनला त्यातच होतं. २०१५ चा एसएनएलआय म्हणजे ५ लाख ७० हजार जोड्या. माणसांना फोटोची ओळ दाखवून सांगितलं होतं: यावरून नक्की खरं, कदाचित खरं आणि नक्की खोटं, असं एकेक वाक्य लिहा. दिवसभर हे काम करणारा माणूस काय करेल? खोटं लिहायचं म्हटलं की नकार घालेल, किंवा सगळ्यांना झोपवेल. इंग्रजीत ‘झोपलेला’ आणि ‘मांजर’ हे शब्दसुद्धा विरोधाची खूण ठरले, कारण कुत्र्याच्या फोटोची ओळ दिसली की लोक मांजर लिहून मोकळे होत. नक्की खरं लिहायचं तर मोघम लिहायचं: ‘एक माणूस बाहेर आहे’. मॉडेलने या सवयी पाठ केल्या.

मराठी डेटा यांचंच भाषांतर असेल तर सवयीही भाषांतरित होऊन येतात. ‘नाही म्हणजे विरोध’ हे लक्षण इथून आलेलं असतं. उतारा असा: नकार असूनही निघतं अशा जोड्या मुद्दाम घाला. ‘दुकान बंद होतं’ यावरून ‘दुकान उघडं नव्हतं’. ‘सगळे नापास झाले’ यावरून ‘कोणीही पास झालं नाही’. आणि नकार नसूनही विरोध असलेल्या जोड्याही घाला, त्या पुढे येतातच.

६. शब्द तेच, अर्थ वेगळा

२०१९ मध्ये मॅकॉय, पॅव्हलिक आणि लिंझन यांनी हॅन्स नावाचा ३० हजार जोड्यांचा सापळा रचला. दाव्यातले सगळे शब्द आधारातलेच, पण अर्थ निघतोच असं नाही. एमएनएलआयवर मजेत पास झालेली मॉडेलं, न निघणाऱ्या जोड्यांवर नाणेफेकीपेक्षाही वाईट पडली. त्यांना शब्दांची गर्दी दिसत होती, कोणी कोणाला काय केलं ते दिसत नव्हतं.

मराठीसाठी असा सापळा स्वतः रचायला लागतो, इंग्रजीतून उचलून चालत नाही. आपल्याकडे कर्ता-कर्म शब्दांच्या क्रमात नसतात, ‘ने’ आणि ‘ला’ मध्ये असतात, आणि अर्ध्याहून जास्त खुबी एका अक्षराच्या शेपटीत असते. साठ जोड्या लिहा. मी साधारण अशा लिहिते.

‘रमेशही आला’ म्हणजे आणखी कोणीतरी आलं: निघतं. ‘रमेशच आला’ म्हणजे सुरेश आला? विरोध. ‘दहा तरी माणसं होती’ यावरून ‘बारा माणसं होती’: सांगता येत नाही. ‘दहाच माणसं होती’ असेल तर विरोध. अख्खा निकाल ‘च’, ‘ही’, ‘तरी’ वर लटकलेला.

‘आजी जिन्यावरून पडता पडता वाचली’ यावरून ‘आजी जिन्यावरून पडली’. इथे बरीच मॉडेलं आजीला पाडतात. ‘पत्र पोस्टात टाकायचं राहिलं’ यावरून ‘पत्र पोस्टात टाकलं’: विरोध, आणि आधारात नकाराचा एक शब्द नाही. ‘बाबा गॅस बंद करायला विसरले’, ‘मी पोचेपर्यंत गाडी सुटली’ ही त्याच जातीची.

‘मला कळलं की दुकान उघडं आहे’ यावरून दुकान उघडं होतं हे निघतं. ‘मला वाटलं की दुकान उघडं आहे’ यावरून निघत नाही. ‘धरण भरलं म्हणे’ यावरूनही ‘धरण भरलं’ हे निघत नाही, तो ‘म्हणे’ सगळी जबाबदारी झटकून मोकळा होतो. आणि आकडे: पावणेतीन, सव्वा, दीडशे, अडीच हजार, साडेसात. ‘पावणेतीन तास लागले’ यावरून ‘तीन तासांच्या आत झालं’ हे निघतं. हे मॉडेलला येत नसेल तर बाजारभावाच्या बातम्या त्याला दाखवू नका.

साठपैकी तीस जोड्या ट्रेनिंगसाठी वापरायच्या, त्यांच्या धर्तीवर आणखी काहीशे लिहायच्या. उरलेल्या तीस कुलपात. त्या कुलपातल्या वेगळ्या साच्याच्या हव्यात. ‘पडता पडता वाचली’ शिकवून ‘बुडता बुडता वाचला’ तपासलंत तर तुम्ही साचा तपासलात, समज नाही. ‘थोडक्यात बचावला’ येतं का बघा.

७. भाषांतराचा चिखल

हे सगळ्यात कंटाळवाणं, दहा-बारा संध्याकाळी खाणारं काम. मराठीत ट्रेनिंगसाठी जे मोठं मिळतं ते बहुधा २०२२ च्या इंडिकएक्सएनएलआय या डेटासेटमधून आलेलं असतं. त्यात अकरा भारतीय भाषा आहेत, मराठी धरून, आणि मजकूर यंत्राने भाषांतरित केलेला आहे. त्याआधीच्या २०१८ च्या एक्सएनएलआयमध्ये इंग्रजी धरून पंधरा भाषा होत्या (टेस्टच्या जोड्यांचं भाषांतर माणसांनी केलेलं), त्यांत हिंदी आणि उर्दू होत्या, मराठी नव्हती. लाखांवर जोड्या फुकट मिळतात हे मोठंच काम झालंय, त्याबद्दल तक्रार नाही. पण यंत्राने वाक्य बदललं तरी लेबल मूळ इंग्रजी जोडीचंच राहतं, हे विसरू नका.

इंग्रजीत आधार असा की डॉक्टर आत आले, आणि दावा असा की एक बाई आत आली. तिथे लेबल ‘सांगता येत नाही’, कारण इंग्रजी क्रियापद लिंग सांगत नाही. मराठीत यंत्राला ‘आला’, ‘आली’ की ‘आले’ हे निवडावंच लागतं. त्याने ‘डॉक्टर आत आली’ लिहिलं की दावा सरळ निघतो, पण लेबल जुनंच. इंग्रजीतली एकच आँटी आपल्याकडे मावशी, आत्या, काकू, मामी यांपैकी कोणीतरी होते. ‘मावशी’ म्हटलं की आईची बहीण हे निघतं, मूळ वाक्यात ते नव्हतं. शंभर जोड्या यादृच्छिक काढा, मूळ लेबल झाकून स्वतः लेबल लावा, मग ताडून बघा. किती जुळत नाहीत त्यावरून कळेल की पुढे डेटा निवडून घ्यायचा की हाताने दुरुस्त करायचा.

हिंदीवर ट्रेन करून मराठीवर चालवणाऱ्यांसाठी वेगळा सापळा आहे. ‘त्याला शिक्षा झाली’ यावरून ‘तो शिकला’ असं निघालेलं मी पाहिलंय. ‘राजीनामा’ आणि ‘चेष्टा’ही तपासा, हिंदीत पहिल्याचा अर्थ तडजोडीकडे जातो आणि दुसऱ्याचा प्रयत्नाकडे. इथपर्यंत सगळं स्वच्छ असूनही आकडा हलत नसेल, तर आता मॉडेल बदलून बघायला हरकत नाही: गूगलचं मुरिल, किंवा पुण्याच्या एलथ्रीक्यूबचं महाबर्ट. दोन्हींना तीच कुलपातली तीस वाक्यं द्या. टेस्ट सेटच्या आकड्यांवरून तुलना करू नका.

कधी थांबायचं आणि कोणाला बोलवायचं

‘पाहुणे येणार होते’ यावरून ‘पाहुणे आले’. तुमचं उत्तर? मी ‘सांगता येत नाही’ म्हणते. माझ्या शेजारी बसणारे काका, ज्यांनी आयुष्यभर मराठी शिकवलं, ते म्हणतात, “अगं, आले असते तर ‘येणार होते’ असं कोण म्हणेल? विरोध लाव.” दोन चहा झाले तरी आमचं जमलं नाही.

हा आमचाच दोष नाही. एसएनएलआयमध्ये ज्या जोड्यांवर, लिहिणारा धरून, पाच जणांची लेबलं घेतली, त्यांतल्या सुमारे ५८ टक्के जोड्यांवरच पाचही जण एकमताचे होते. २०२० मध्ये केऑस-एनएलआय नावाच्या अभ्यासासाठी तीन हजारांहून जास्त जोड्या प्रत्येकी शंभर माणसांना दाखवल्या, तेव्हा बऱ्याच जोड्यांत मतं सरळ फाटली.

म्हणून पहिली थांबायची जागा: दोन माणसांनी एकमेकांचं न बघता लेबलं लावलेल्या शंभर जोड्यांत वीसच्या वर मतभेद निघाले, तर मॉडेलला हात लावू नका. भाषाविज्ञानाच्या माणसाला बोलवा आणि लेबल लावायचे नियम लिहून घ्या: ‘येणार होते’ कुठे टाकायचं, ‘म्हणे’चं काय करायचं. हे काम प्रोग्रामरचं नाही. मी स्वतः करायचा प्रयत्न केलाय आणि महिन्याभराची लेबलं फेकून दिली आहेत.

दुसरी जागा: टोकनायझरच नव्याने बनवायचा किंवा मॉडेलला मराठी मजकुरावर मुळापासून शिकवायचं अशी वेळ आली, तर ते ज्यांनी आधी केलंय त्यांच्याकडे जा. घरच्या एका जीपीयूवर ते निभत नाही, आणि अर्धवट केलं तर आधीपेक्षा बिघडतं.

तिसरी जागा सगळ्यात आधी सांगायला हवी होती. मॉडेलच्या उत्तरावर कोणाचं अनुदान, विम्याचा दावा, औषध किंवा खटला ठरणार असेल, तर वरची सातही पावलं पार झाली तरी थांबा. तिथे वकील, डॉक्टर किंवा त्या टेबलावरचा जाणकार कारकून प्रत्येक उत्तर वाचणार असेल तरच पुढे जा. एका कामात मी हे ऐकवलं तेव्हा “स्कोअर तर नव्वदच्या वर आहे” असं उत्तर आलं. मी त्यांना शेपूट कापलेलं परिपत्रक दाखवलं, आणि मग त्यांनी माणूस नेमला.

मदत मागायला जाताना हे सोबत न्या: चुकलेल्या वीस जोड्या, प्रत्येकीचं तुमचं लेबल आणि मॉडेलचं लेबल, तीन बाय तीनचा तो तक्ता, टोकनायझरमधून बाहेर पडलेला मजकूर जसाच्या तसा छापलेला, आणि कमाल लांबी किती ठेवली होती तो आकडा. स्क्रीनशॉट नको, मजकूर पाठवा. फोटोत अर्धा र कोणत्या जातीचा आहे ते दिसत नाही.